बाबांना समच्या वाळूवर ड्यून बग्गी चालवायची आहे. हिवाळ्यात काय वेगळं असतं?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट विचारलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

माझे बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं बस चालवली, त्यातली बरीचशी मुलुंड डेपोतून. आता वय ६७. निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. गणपतीत भाऊ दुबईहून आला होता. त्याने तिकडे लाहबाबच्या लाल वाळूत बग्गी, म्हणजे वाळूवर पळणारी उघडी गाडी, चालवली, त्याचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. बाबांनी तो तीनदा बघितला आणि मग हळूच विचारलं, "स्टेअरिंग हलकं असतं का रे याचं?" एवढंच. पण घरात सगळ्यांना कळलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं जैसलमेरला निघालोय. तिथून जवळ समच्या धोऱ्यांपाशी, म्हणजे वाळूच्या टेकड्यांपाशी, दोन रात्री तंबूत आहोत, तिथे बग्गी भाड्याने मिळते आणि स्वतः चालवताही येते. सगळं नीट झालं तर फेब्रुवारीत मनाली, तिथे बर्फावर.

आमच्या घरात थंडी म्हणजे जानेवारीतले सतरा-अठरा अंश. भाऊ म्हणतो दुबईत हिवाळ्यात चालवली तशीच इथेही चालवायची, वाळू ती वाळूच. ऑफिसमधल्या मैत्रिणीचे मिस्टर राजस्थानात नोकरीला होते, ते म्हणाले की हिवाळ्यात सकाळी वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, काही होत नाही. दोघांचं पटेना म्हणून इथे विचारतेय. थंडीने टायरच्या हवेत फरक पडतो का? कपडे काय घालायचे? बर्फावरचं तंत्र वेगळं का? आणि जायच्या आधी अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर बाबांचा हात साफ करून घेतला तर चालेल का?

खरा प्रश्न शेवटी लिहिते. बाबांनी स्वतः चालवावी का? तब्येत ठीक आहे, बीपीची एक गोळी चालू आहे, पाठीचा किंवा कमरेचा त्रास नाही.

परळ_गॅरेज

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. परळला माझं लहान गॅरेज आहे. त्याआधी ११ वर्षं मी दुबईत होतो, बग्ग्या भाड्याने देणाऱ्या एका कॅम्पच्या वर्कशॉपमध्ये. रोज पंधरा-वीस गाड्या वाळूतून परत यायच्या, त्यांचे फिल्टर झटकणं, बेल्ट तपासणं, वाकलेले आर्म सरळ करणं हे माझं काम. नोव्हेंबर ते मार्च आम्हाला जेवायला वेळ नसायचा, कारण तिकडे सीझन तोच.

तुमचा भाऊही खरं बोलतोय आणि मैत्रिणीचे मिस्टरही. दोघांनी वेगवेगळ्या वेळची वाळू बघितलीय.

रात्री दव पडतं. वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तोच त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो. जुहूला ओल्या पट्ट्यात चाललात तर पाय रुतत नाही, वर कोरड्या वाळूत गेलात की घोट्यापर्यंत जातो, तसंच. म्हणून हिवाळ्यात सकाळी वाळूची पाठ घट्ट लागते आणि गाडी डांबरावर असल्यासारखी पळते. साडेदहा-अकराला ऊन चांगलं तापलं की वरचा ओलावा उडतो. सकाळी जो चढ गाणं म्हणत चढलात त्याच चढावर दुपारी मागची चाकं जागच्या जागी खड्डा खणतात. उन्हाळ्यात हा फरक फारसा नसतो, तेव्हा दिवसभर भुसभुशीतच. हिवाळ्यात एका दिवसात दोन वाळू भेटतात, आणि माणूस सकाळच्या वाळूचा आत्मविश्वास घेऊन दुपारच्या वाळूत शिरतो. माझ्याकडे उलटून आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक अशाच.

त्यात दुबईला समुद्राची दमट हवा आहे. दव भरपूर, कधी कधी सकाळी धुकं इतकं की समोरच्या गाडीचा झेंडा दिसत नाही. जैसलमेर कोरडं. तिथे दव कमी, पण थंडी जास्त: डिसेंबर-जानेवारीत रात्री सात-आठ अंश, दुपारी चोवीसच्या आसपास. त्यामुळे समची वाळू दुबईपेक्षा लवकर सैल होईल असं धरून चाला. मावठ म्हणजे हिवाळी पाऊस येऊन गेला असेल तर मात्र एक-दोन दिवस ती घट्टच राहते. घड्याळावर जाऊ नका. दर दीड-दोन तासांनी उतरायचं आणि वाळूत टाच मारायची. खड्ड्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या राहिल्या तर ओल आहे. लगेच ढासळल्या तर वाळू सैल, आणि तुमचं चालवणंही तिथून बदललं पाहिजे.

आता हवा. दुपारी २८ अंशात १२ पौंड भरून ठेवलेला टायर पहाटे ८ अंशाला साधारण सव्वादहा दाखवतो. पंक्चर नसतं, हवा आकसलेली असते. पोरं ते बघून पुन्हा भरतात. मग ऊन वाढतं, टायर फिरून तापतो, आकडा चढतो. म्हणजे वाळू सैल व्हायला लागते नेमका तेव्हाच टायर कडक होतो. वाळूत पाहिजे याच्या उलट! नरम टायर वाळूवर पसरतो, कडक टायर चिरत खाली जातो. म्हणून वाळू बदलली की पुन्हा मोजायचं आणि जास्तीची हवा काढायची. हवा मोजायचा माझा गेज दोनशे-अडीचशे रुपयांचा होता, अकरा वर्षं शर्टाच्या खिशात. तुम्ही एक विकत घ्या आणि सोबत न्या. बहुतेक भाड्याच्या बग्ग्यांना १० ते १४ पौंडांत काम होतं, नेमका आकडा गाडीवाल्याला विचारा. फारच उतरवू नका, वळताना टायर रिममधून निसटतो.

वाळूच्या टेकडीला एक बाजू उताराची आणि दुसरी कड्याची असते. वाऱ्याकडची बाजू पसरट, पलीकडची ३२ ते ३४ अंशांची, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. मधली धार लांबून नुसती रेघ दिसते. चढताना सरळ चढायचं, तिरकं कधीच नाही. धारेच्या थोडं आधी पाय सैल सोडायचा, नाक वर आलं की पलीकडे बघायचं, मग उतरायचं. पलीकडचं माहीत नसेल तर अलीकडे थांबून चालत वर जाऊन बघावं, त्यात कमीपणा नाही. समला संध्याकाळी सूर्यास्त बघायला उंट, जीपा, लहान मुलं सगळे धारेच्या पलीकडेच बसलेले असतात. वर हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने पश्चिमेकडे तोंड केलं की काही दिसत नाही. साडेचारनंतर गाडी धोऱ्यावर नकोच. आणि उंच झेंडा मागून घ्या. कॅलिफोर्नियात इम्पीरियलच्या वाळूत जमिनीपासून ८ फूट उंचीवर झेंडा लावल्याशिवाय गाडी नेऊ देत नाहीत, कारण टेकडीमागून येणाऱ्याला आधी तोच दिसतो.

एक प्रसंग सांगतो, तो अजून मनातून जात नाही. जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला होता. वाळू मस्त बसली होती, गिऱ्हाईक खूश. तिकडे टेकड्यांच्या मध्ये सब्खा असते, खारी सपाट जमीन. वरून पापडासारखी कडक, पावसानंतर खाली चिखल. आमच्या गाईडने रोजचाच रस्ता धरला आणि मागची बग्गी सरळ सीटपर्यंत आत गेली. नवरा-बायको होते, दोघं सुखरूप निघाले, पण गाडी काढायला चार तास लागले आणि तोवर रात्र झाली. भिजलेल्या कपड्यात ती बाई जशी थरथरत होती ते मी बघितलंय. वाळवंटात थंडी वाजत नाही असं समजून दोघं टी-शर्टात आले होते. समच्या धोऱ्यांवर तुम्हाला सब्खा भेटायची नाही, पण कोरडे कपडे गाडीत असू द्या.

कपड्यांचं म्हणाल तर आठ अंशात ताशी ४० ने उघड्या गाडीत बसलात की अंगाला तीन अंशांसारखं लागतं. आतून बनियन, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल. आणि हे लक्षपूर्वक वाचा: ओढणी, मफलर, शालीचं टोक, मोकळी वेणी काहीही गाडीबाहेर लोंबता कामा नये. फिरत्या एक्सलमध्ये अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आईंनाही सांगा.

बाबांनी चालवावी का? माझ्या मते चालवावी. एकतीस वर्षं मुंबईत बस चालवलेल्या माणसाचा पाय मऊ असतो, उभ्या प्रवाशाला झटका बसू नये म्हणून तो तसा तयार होतो. वाळूला तोच पाय लागतो. पंचवीस वर्षांच्या पोरांना मला तो शिकवता आला नाही. एकच सवय आड येईल, उतारावर ब्रेकवर जाणारा पाय. वाळूच्या उतारावर ब्रेक दाबला की मागचा भाग बाजूला घसरतो आणि गाडी आडवी होते. घाटात ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं, हे त्यांना माहीतच असेल. इथेही 'एल' मध्येच, म्हणजे लो गिअरमध्येच, चढायचं आणि 'एल' मध्येच उतरायचं, इंजिन धरून ठेवतं. मागचा भाग घसरलाच तर स्टेअरिंग उताराच्या दिशेला आणि जरासा अ‍ॅक्सिलरेटर. पट्टे चारही खेचून घट्ट. बीपीचं मात्र डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, ते माझं काम नाही.

पिठमपूर_रिटर्न

वरच्या उत्तरात वाळूचं सगळं आलंय. मी बर्फाचं आणि इंजिनचं लिहितो.

कॉलेजात असताना मी बाहा एसएईइंडिया या स्पर्धेच्या टीममध्ये होतो. मुलांनी स्वतः बग्गी बांधायची आणि इंदूरजवळ पिठमपूरला नेऊन चालवायची. इंजिन सगळ्यांना एकच, ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवर, हवेवर थंड होणारं, कार्ब्युरेटरचं. नवी मुंबईत वर्कशॉपमध्ये पहिल्या दोरीला सुरू होणारं आमचं इंजिन तिकडे थंडीत पहाटे सुरूच होईना. चोक ओढून, दोरी खेचून खेचून हाताला फोड आले. तेव्हापासून थंड इंजिनला पाच मिनिटं दिल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. गिअरऐवजी रबरी बेल्टवर चालणाऱ्या गाडीला तर हे फारच गरजेचं, कडक झालेला बेल्ट एकदम ताणला की त्याचं आयुष्य गेलं.

मनालीजवळ सोलांगला बर्फावर गेलात तर दोन गोष्टी. ते साधारण २५०० मीटरवर आहे, दर ३०० मीटरला इंजिनची ताकद ढोबळमानाने ३ टक्के जाते, म्हणजे जवळजवळ पाव इंजिन घरी ठेवून आल्यासारखं. गाडी ओढत नाही म्हणून बाबा काळजीत पडतील, त्यांना आधी सांगून ठेवा. दुसरी जास्त महत्त्वाची. वाळूत पाय काढला की गाडी आपोआप थांबते, कारण वाळूच तिला धरते. दाबलेल्या बर्फावर पाय काढला तरी ती जातच राहते. वाळूत वेग टिकवायचा, बर्फावर वेग येऊच द्यायचा नाही. समला दोन दिवसांत पायाला जी सवय लागेल ती मनालीत पहिला अर्धा तास मुद्दाम विसरावी लागेल. सपाट मैदानात आधी दहा वेळा नुसतं थांबून बघा, मग पुढे.

आणि पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनची गाडी असेल तर रेडिएटरमध्ये काय आहे ते विचारा. मुंबईत कित्येक जण नळाचं पाणी भरतात, इथे चालून जातं. बर्फात तेच पाणी गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी असेल तर उणे पस्तीसपर्यंत चिंता नाही.

बोरिवली_ते_पोर्टलंड

थोडीशी भर. मी आता ओरेगॉनमध्ये राहते. इथे समुद्राला लागून फ्लॉरेन्सपासून कूस बेपर्यंत वाळूच्या टेकड्या आहेत आणि हिवाळा म्हणजे पाऊस. वाळू इतकी बसते की उन्हाळ्यापेक्षा चालवायला सोपी. पण जमिनीतलं पाणी वर येतं, टेकड्यांमधल्या खोलगट जागी तळी साचतात, आणि जिथे तळं दिसत नाही तिथली वाळू पाण्याने फुगून पाय ओढते. आम्ही हिवाळ्यात खोलगट भागात शिरतच नाही, वरून वरून जातो. परळच्या दादांनी सब्खाचं लिहिलंय ते वाचून हेच आठवलं.

पुळणीवरचा

अलिबाग-नागावचा विचार कृपया सोडून द्या. मी कोकणातला, किनाऱ्यावरच वाढलोय.

तुम्ही जाताय त्याच महिन्यांत, नोव्हेंबर ते मार्च, ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं आमच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, दिवेआगर ही नावं सगळ्यांना माहीत झाली, पण मादी गावाचं नाव वाचून येत नाही. घरटं वाळूत दीड-दोन फुटांवर असतं आणि वरून काही दिसत नाही. पिल्लू तळहातात मावतं. मी स्वतः पहाटे बघितलंय, समुद्राकडे निघालेलं पिल्लू गाडीच्या चाकोरीत पडलं आणि समुद्र सोडून त्या चाकोरीतून आडवंच चालत राहिलं. त्याला ती भिंत वाटते. ऊन वर येईपर्यंत ते तसंच चाललं असतं आणि कावळ्यांनी उचललं असतं.

दुसरं म्हणजे भरती. ओहोटीला कातळासारखी लागणारी पुळण पाणी वर यायला लागलं की खालून सुटते. दर हिवाळ्यात पर्यटकांच्या गाड्या अशा रुततात आणि उधाणात लाटांखाली जातात. बाबांचा हात साफच आहे, त्यांना सरावाची गरज नाही.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. किनाऱ्याचं रद्द. कासवांचं बाबांना वाचून दाखवलं, तेच म्हणाले नको. डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त नाही. दादा, एक राहिलं. आईला पण बसायचंय, तिला वाळूची भीती वाटत नाही पण झटक्यांची वाटते.

परळ_गॅरेज

आईंना बाबांच्या शेजारीच बसवा, पण पहिल्या फेरीला नाही. पहिली फेरी तुमच्या भावाने बाबांसोबत करावी. बसताना पाठ पूर्ण टेकलेली, कमरेमागे घडी घातलेला टॉवेल, आणि हात आतल्या दांड्यावर. गाडीभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या बाहेरच्या पाइपला कधीच नाही, गाडी कलंडली तर बोटं आधी जातात. झटका येणार हे बाबांनी आधी बोलून सांगायचं. माणूस तयार असला की तोच झटका निम्मा लागतो.

अजून एक. समच्या आसपास माळढोकाचं रान आहे, डेझर्ट नॅशनल पार्क. गाडीवाला नेईल त्या वाटेबाहेर जाऊ नका, मोकळं दिसलं तरी.

मुलुंड_पूर्व

परत आलो. काय झालं ते लिहायलाच हवं.

सकाळी नऊला बाहेर पडलो. गेज लावला तर चारही टायरांत १८ पौंड. गाडीवाला मुलगा म्हणाला, चलता है. बाबांनी त्याला इतक्या शांतपणे "कम करो बेटा" म्हटलं की त्याने गुपचूप बारापर्यंत उतरवली. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक टायर बुटाने दाबून बघितला. डेपोत सकाळी गाडी ताब्यात घेताना तसं करायचे म्हणे. आम्हाला हे कधी माहीतच नव्हतं.

पहिल्या उतारावर त्यांचा उजवा पाय ब्रेककडे गेलेला भावाने बघितला. गेला आणि तिथेच थांबला, दाबला नाही. गाडी 'एल' मध्ये हळूहळू खाली आली. दुसऱ्या फेरीला आई बसली. बाबा प्रत्येक धारेआधी तिला "आता बरं का" म्हणत होते, दुरून मला ओठांवरून कळत होतं.

सव्वाअकराला तिसरी फेरी चालू असताना बाबांनी स्वतःच गाडी सपाटीला घेतली आणि उतरले. भावाला वाटलं त्यांना बरं वाटत नाही, तो धावत गेला. बाबांनी वाळूत टाच मारली, कडा ढासळल्या. म्हणाले, "मघापासून स्टेअरिंग जड लागतंय, ही सकाळची वाळू नाही." मग गेज मागितला. साडेतेरा झाले होते. दीड पौंड काढून भावाला म्हणाले, आता तू चालव आणि धारेला घाई करू नकोस.

दादा, गेज आता बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो. फेब्रुवारीचं सोलांगचं बुकिंग झालंय आणि कूलंटचा प्रश्न त्यांनी स्वतः फोन करून विचारला.